मुलांना हें सांगावें काय?

"बाई, आपण ज्या गोष्टी सांगावयास निघालां आहांत त्या आमच्या मुलींच्या कानांवर आणखी चार वर्षांनीं पडल्या, तर कोणाचें काय बिघडणार आहे?"

हा प्रश्न मला एका पालकसभेंत विचारण्यांत आला. विचारणारे गृहस्थ रागावलेले नव्हते. त्यांच्या स्वरांत काकुळती होती. नोकरींतून निवृत्त झाल्यावर एका सेवाभावी संस्थेच्या वतीनें पुण्यांतील कांहीं शाळांत नववी-दहावीच्या मुलामुलींना माणसांच्या व्यापाराविषयीं चार गोष्टी सांगण्याचें काम मीं पत्करिलें, त्याला आतां सहा वर्षें होत आलीं. वेतन नाहीं, वर्षाच्या शेवटीं कोठें शाल मिळते, कोठें नारळ मिळतो. त्या गृहस्थांना मीं त्या दिवशीं जें उत्तर दिलें तें ठरीव होतें, आणि ठरीव उत्तरांत जेवढें सत्य असतें तेवढेंच त्यांत होतें. अज्ञानानें कोणाचें रक्षण होत नाहीं, असें कांहींसें मी बोललें; सभेनें माना डोलाविल्या आणि ते गृहस्थ खालीं बसले. परंतु त्यांचा प्रश्न माझ्याबरोबर घरीं आला व तो अजून गेलेला नाहीं. त्याचाच जरा निवांतपणें विचार करावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

प्रथम नांवाचीच अडचण. पोलिसखात्यांत या कामाचा जो विभाग आहे त्याला मराठींत 'अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्ष' असें म्हणतात. पहिल्या वर्षीं हेच शब्द मीं फळ्यावर लिहिले, तेव्हां मागच्या बाकावरील एका मुलानें हेल्मेट न घालतां गाडी चालविल्यास दंड किती, असें मोठ्या गंभीरपणें विचारलें. वर्ग हंसला, मीहि हंसलें. पण चूक त्याची नव्हती. 'वाहतूक' म्हटलें कीं चौकांतील शिट्टीच आठवावयाची. वर्तमानपत्रांत अलीकडे 'मानवी तस्करी' हा शब्द रूढ होत आहे. त्यानें सोनें आणि सरहद्द डोळ्यांपुढें येते. आणि या व्यापारांत तर सरहद्द ओलांडावीच लागते असें नाहीं, माणूस आपल्या गांवांत, किंबहुना आपल्याच घरांत विकला जाऊं शकतो. आपल्या राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाच्या मराठी अनुवादांत 'अपव्यापार' हा शब्द योजिला आहे, तो मला त्यांतल्या त्यांत बरा वाटतो. व्यापार म्हटला कीं विकणारा आला, दलाल आला, किंमत आली, आणि मुख्य म्हणजे घेणारा आला. तथापि हल्लीं मी फळ्यावर कांहींच लिहीत नाहीं. आधीं गोष्ट सांगतें.

ती गोष्ट शुनःशेपाची. ऐतरेय ब्राह्मणांतील हें आख्यान जुन्या पिढीला परिचित होतें. आजच्या मुलांना तें अगदीं नवें असतें. हरिश्चंद्र राजाला वरुणाच्या कृपेनें पुत्र झाला, पण तोच पुत्र वरुणाला बळी द्यावयाचा, अशी अट होती. रोहित मोठा झाला, त्याला हें कळलें, आणि तो रानांत निघून गेला. कांहीं वर्षांनीं त्याला त्या रानांत अजीगर्त नांवाचा एक ब्राह्मण भेटला. अजीगर्त उपाशी होता व त्याला तीन मुलगे होते. आपल्या बदलीं बळी देण्यासाठीं यांतला एक द्या, मी शंभर गाई देतों, असें रोहितानें म्हटलें. बापानें थोरल्याला पोटाशीं धरिलें, आईनें धाकट्याला धरिलें. राहिला मधला, तो शुनःशेप. पुढें यज्ञाच्या वेळीं त्या मुलाला यूपाला बांधावयास कोणी धजेना, तेव्हां आणखी शंभर गाई घेऊन बापानेंच त्याला बांधिलें. आणि वध करावयास कोणी पुढें येईना, तेव्हां आणखी शंभर गाईंच्या बोलीवर बापच शस्त्र परजून उभा राहिला. मुलानें देवांची स्तुति केली, त्याचे पाश गळून पडले. मग अजीगर्त त्याला परत ये म्हणूं लागला. तो गेला नाहीं. विश्वामित्रानें त्याला आपला पुत्र म्हणून पदरीं घेतलें.

गोष्ट संपली कीं मी एवढेंच विचारतें: यांत अपराधी कोण? उत्तरें नेहमींच ऐकण्यासारखीं असतात. बहुतेक मुलें अजीगर्ताकडे बोट दाखवितात. कोणी म्हणतो, तो उपाशी होता. त्यावर दुसरा कोणी म्हणतो, पहिल्या शंभर गाई भुकेनें घेतल्या असतील. पण दुसऱ्या शंभर? आणि तिसऱ्या? भूक कोठें संपली आणि लोभ कोठें सुरू झाला याची इतकी नेमकी खूण चौदा वर्षांच्या मुलाला सांपडते, याचें मला दर वर्षीं नवल वाटतें. एका मुलीनें आईविषयीं विचारलें होतें: धाकट्याला पोटाशीं धरितांना मधल्याकडे तिनें पाहिलें असेल का? परंतु सहा वर्षांत रोहिताचें नांव आपण होऊन घेणारीं मुलें मला दोनच भेटलीं. रोहित हा घेणारा. त्याच्यावर संकट होतें, त्याच्याजवळ गाई होत्या, आणि आपल्या जागीं दुसऱ्याचा देह उभा करण्याची सोय त्याला गाईंमुळें झाली. तो कोणाला वाईट वाटत नाहीं. तो राजपुत्र आहे, आणि त्यानें पूर्ण किंमत चुकती केली आहे.

मुलांना याबद्दल दोष देऊन उपयोग नाहीं; हा डोळा त्यांना आम्हींच दिला आहे. याच हरिश्चंद्राचें दुसरें आख्यान, ज्यांत तो वचनासाठीं राणीला आणि पुत्राला काशीच्या बाजारांत विकतो, तें ऐकून किती पिढ्या रडल्या असतील! १९१३ सालीं दादासाहेब फाळक्यांनीं आपला पहिला चित्रपट काढला तोहि त्याच आख्यानावर. सत्य त्याचें, वचन त्याचें, आणि बाजारांत उभी राहिली ती तारामती. तिला विकण्याचा अधिकार त्याला कोणीं दिला, हा प्रश्न आमच्या कीर्तनांतून मीं तरी कधीं ऐकला नाहीं. द्रौपदीनें तसा प्रश्न भरसभेंत विचारला, पण तेथें जमलेल्या वडीलधाऱ्यांना त्याचें उत्तर देतां आलें नाहीं.

माणसांचा सौदा ही आमच्याकडे परक्यांनीं आणलेली चाल नव्हे. पेशवाईंत कुणबिणी व बटकी यांची खरेदीविक्री होत असे व तिचे कागद दप्तरांत आजहि आहेत. १८४३ च्या पांचव्या कायद्यानें गुलामावरील मालकी न्यायालयांनीं मानूं नये असें ठरलें, आणि १८६० च्या दंडसंहितेनें गुलाम म्हणून माणूस विकणें-घेणें हा गुन्हा झाला. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहिली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केली. दूरचा बाजार उठल्याचा आनंद मानतांना त्यांचें लक्ष आपल्या दारांतील दास्याकडे होतें. पुढें घटना आली. १९५६ सालीं स्त्रिया व मुली यांच्या व्यापाराविरुद्धचा कायदा, १९७६ त वेठबिगारीविरुद्धचा, २०१३ त दंडसंहितेच्या ३७० व्या कलमाची नवी मांडणी, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहितेचें १४३ वें कलम. कायद्यांची वाण नाहीं.

आतां त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे वळूं. 'चार वर्षांनीं सांगा' या म्हणण्यांतील एक भाग असा आहे कीं त्याला उत्तर देणें कठीण नाहीं. ज्या हातांत आज मोबाइल आहे तो हात चार वर्षें थांबणार नाहीं. देहाच्या बाजाराची हिडीस बाजू मुलांनीं आमच्या आधींच पाहिलेली असते. त्यांनीं पाहिलेली नसते ती तिची दुःखाची बाजू. परंतु त्यांच्या म्हणण्यांतील दुसरा भाग खरा आहे, आणि तो मला पहिल्या वर्षीं उमगला नाहीं. त्या वर्षीं मी चित्रें घेऊन जात असें. सुटका झालेल्या मुलींच्या हकीकती, नांवें बदलून पण बाकी सारें ठेवून, वाचून दाखवीत असें. वर्ग अगदीं चिडीचूप बसे. ती शांतता मला आपल्या वक्तृत्वाचें यश वाटे. एकदां वाचतां वाचतां वर पाहिलें, तों एका मुलाच्या डोळ्यांत जी चमक दिसली ती करुणेची नव्हती. तो दुष्ट नव्हता. त्याच्या वयाला साजेसें कुतूहल मींच त्याच्यापुढें ताट वाढल्याप्रमाणें जागें केलें होतें. ज्या मुलीचें आयुष्य एकदां दुसऱ्यांच्या उपयोगासाठीं वापरलें गेलें, तिची हकीकत मी पुन्हां एका उपयोगासाठीं वापरीत होतें. उपयोग चांगला होता, हें खरें; पण तिला कोणीं विचारलें होतें? त्या दिवसापासून तीं चित्रें कपाटांत आहेत.

कोणी सुचवितात कीं ज्यांनीं हें सोसलें त्यांनींच येऊन सांगावें. ज्यांची तशी इच्छा व तयारी आहे त्यांच्यापुढें मी शिष्य म्हणून बसेन. मात्र वर्गावर्गांतून आपली जखम उघडी करून दाखविण्याचें काम कोणावर नेमून द्यावें, हें माझ्या मनाला पटत नाहीं. राहिलीं आमच्यासारखीं माणसें, ज्यांनीं कांहीं सोसलें नाहीं व ज्यांना म्हणून फार बोलतां येतें. दर वर्षीं ३० जुलै जवळ आला कीं आमची मागणी वाढते. संयुक्त राष्ट्रांनीं २०१३ सालीं तो दिवस या विषयासाठीं ठरवून दिला. त्या दिवशीं घोषवाक्यें होतात, चित्रकलेची स्पर्धा होते, आणि साखळदंडांनीं बांधलेले हात अशा कांहीं कौशल्यानें रंगविलेले असतात कीं परीक्षकाला पहिला क्रमांक काढणें अवघड जावें.

हे साखळदंडच मुलांच्या मनांतून काढणें हें माझें निम्में काम होऊन बसलें आहे. मुलांना ठाऊक असलेला व्यापारी म्हणजे काळ्या कांचांच्या गाडींतून येणारा, रुमालावर औषध टाकून पळवून नेणारा. असें कधींच घडत नाहीं असें नव्हे. परंतु पुष्कळदां येतो तो ओळखीचा माणूस: दूरची मावशी, गांवचा मुकादम, लग्नाचें स्थळ आणणारा, मोबाइलवर गोड बोलणारा मित्र, नोकरी लावून देणारा. मार्च २०२५ मध्यें म्यानमार-थायलंडच्या सरहद्दीवरील कोंडवाड्यांतून सुटलेल्या पांचशेंहून अधिक भारतीयांना सरकारनें विमानांनीं परत आणलें. चांगल्या नोकरीच्या आशेनें गेलेल्या तरुणांना तेथें संगणकापुढें बसवून दूरदेशींच्या लोकांना लुबाडण्याच्या कामाला जुंपलें जातें. मग ते गुन्हेगार कीं बळी, असें एका विद्यार्थ्यानें मला विचारलें. एकच माणूस एकाच वेळीं दोन्ही असूं शकतो, हें मीं त्याला सांगितलें. पण कोणत्या प्रमाणांत, हें सांगण्याची माझी पात्रता नाहीं.

व्याख्या मी शेवटीं सांगतें. २००० सालच्या पालेर्मो करारांत, ज्याला भारतानें २०११ सालीं मान्यता दिली, या अपराधाचीं तीन अंगें दिलीं आहेत. माणसाला मिळविणें, नेणें, ठेवून घेणें किंवा दुसऱ्याच्या हवालीं करणें ही कृति. बळ, धाक, फसवणूक किंवा त्याच्या अगतिकतेचा फायदा हें साधन. आणि त्याचा देह वा श्रम पिळून घेणें हा हेतु. मूल अठरा वर्षांच्या आंतलें असेल तर साधनाचा विचारच करावयाचा नाहीं. कृति आणि हेतु एवढें पुरे. आणि आमच्या १४३ व्या कलमांतहि स्पष्ट म्हटलें आहे कीं पीडित माणसाची संमति होती कीं नव्हती ही गोष्ट गैरलागू होय.

येथें वर्गांत हटकून वाद होतो, व तो व्हावा अशीच माझी इच्छा असते. संमति गैरलागू कशी? माणसानें 'हो' म्हटलें, पैसे घेतले, आपल्या पायांनीं चालत गेला. मग तक्रार कसली? आपल्या नेहमींच्या नीतिविचारांत शब्द दिला कीं बांधला गेला, असाच नियम आहे. हरिश्चंद्राचा थोरपणा तरी दुसऱ्या कशांत आहे? परंतु 'हो' म्हणणाऱ्यापुढें 'नाहीं' म्हणण्याची वाट मोकळी होती कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्या 'हो'ला किंमत देतां येत नाहीं. बुडणाऱ्याला दोर टाकून, वर येण्यापूर्वीं त्याच्याकडून जमिनीचा कागद लिहून घेतला, तर सही त्याचीच असते, हात त्याचाच असतो. तरीहि त्या कागदाला आपण करार म्हणत नाहीं. २०२२ सालीं नाशिक जिल्ह्यांतील इगतपुरी तालुक्यांतलीं कातकऱ्यांचीं लहान मुलें थोडक्या पैशांवर मेंढपाळांकडे राबावयास दिलीं गेल्याचें उघडकीस आलें. एक मुलगी दगावली तेव्हां कोठें तें उघडकीस आलें. देणारे आईबाप होते. त्यांनीं संमति दिली होती. अजीगर्ताची गोष्ट ऐकलेल्या वर्गाला ही हकीकत सांगितली कीं बराच वेळ कोणी कांहीं बोलत नाहीं. मग कोणीतरी हळूच म्हणतो, त्यांना शंभर गाई कोठें मिळाल्या?

मी दोन तऱ्हेच्या शाळांत जातें. एक सुखवस्तु घरांतील मुलांची, दुसरी महापालिकेची. पहिलीं दोन वर्षें दोन्हींकडे मीं एकच धडा दिला: सावध राहा, अनोळखी माणसावर विश्वास टाकूं नका, घरीं सांगितल्याशिवाय जाऊं नका. दुसऱ्या शाळेंत हा उपदेश निरुपयोगी नव्हता, अपुरा होता. तेथें दहावींत एक मुलगा होता. आईबाप बीडकडचे, दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कारखान्यावर जाणारे. मुलगा येथें मामाकडे राही. मुकादम हंगामाआधीं नवराबायकोच्या जोडीला, तिला तिकडे कोयता म्हणतात, उचल देतो. उचल फिटली नाहीं तर ती पुढल्या हंगामावर चढते, आणि फिटेपर्यंत ती जोडी दुसरीकडे जाऊं शकत नाहीं. कर्जानें बांधलेल्या श्रमाविषयीं मी बोलत होतें. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, माझे आईबाप पण उचल घेतात. म्हणजे ते विकलेले काय?"

सारा वर्ग त्याच्याकडे वळून पाहूं लागला. ज्या कष्टांवर तो घरचा अभिमान धरून होता, त्यांना मीं पांच मिनिटांत एक लाजिरवाणें नांव देऊन टाकिलें होतें. व्यवहार वाईट आहे, माणसें वाईट नाहींत, असें मी म्हणालें. तें खरें होतें, पण पुरेसें नव्हतें, कारण तो लगेच म्हणाला, "आई म्हणते, उचल मिळाली म्हणून ताईचें लग्न झालें." यावर कायदा जें म्हणतो तें मला पाठ आहे. मुलगा जें म्हणाला तेंहि मी विसरूं शकलें नाहीं. ज्याच्याजवळ दुसरी कोणतीहि वाट नाहीं त्याला त्याची एकमेव वाट गुलामगिरीची आहे असें सांगून आपण निघून यावें, हा अधिकार शिकविणाऱ्याला आहे कीं नाहीं, याचा निर्णय मला अजून करतां आलेला नाहीं. मी त्या वर्गांत पुढल्या आठवड्यांत पुन्हां गेलें, एवढेंच.

सुखवस्तु शाळेंत मात्र माझा जुना धडा जवळजवळ खोटाच होता. त्या मुलींना कोणी विकावयास नेणार नाहीं असें छातीठोकपणें कोणीच म्हणूं नये. पण त्यांच्या बाबतींत अधिक संभव होता तो रोहित होण्याचा. विटा कोणीं पाडल्या, साखर कोणाच्या उसाची, घरांत फरशी पुसणारी मुलगी कोठून आली, हे प्रश्न त्यांना कोणी विचारीत नव्हतें. मी तर नाहींच. जो विकला जाण्याचा संभव आहे त्याला आम्ही सावधगिरी शिकवितों. जो विकत घेण्याचा संभव आहे त्याला कांहींच शिकवीत नाहीं. म्हणून तिसऱ्या वर्षापासून मीं त्या शाळेंतला धडा बदलला. कोणताहि राबणारा माणूस दिसला कीं तीन गोष्टी मनाशीं विचारून पाहा, असें मी सांगूं लागलें: त्याला जावेंसें वाटलें तर आज जातां येईल का? त्याच्या श्रमाचा पैसा त्याच्या स्वतःच्या हातीं पडतो का? तो कोठें आहे हें त्याच्या जिवाभावाच्या कोणाला ठाऊक आहे का? मुलांना हें आवडलें. वहींत चौकट आखून त्यांनीं तें लिहून घेतलें.

गेल्या जानेवारींत तास संपल्यावर नववींतील एक मुलगी व्हरांड्यांत थांबून राहिली होती. बाकीचीं पांगल्यावर म्हणाली, "बाई, ते तीन प्रश्न मीं आमच्या घरीं विचारून पाहिले." त्यांच्याकडे दोन वर्षांपासून एक मुलगी होती. तेरा वर्षांची कीं चौदा, कोण जाणे. 'शिकावयास आणली आहे' असें घरांत सांगत, आणि पहिल्या वर्षीं तिचें नांव शाळेंत घालण्याची बोलणींहि झालीं होतीं. ती भांडीं घाशी, केर काढी, धाकट्या भावाला खेळवी. पैसे दिवाळीला तिचा काका येऊन घेऊन जाई. तो खरा काका कीं काय, हें घरांत कोणालाच माहीत नव्हतें. परत जावयाचें असेल तर कोणत्या गाडीनें, हें तिला सांगतां येत नव्हतें. "मग आतां मी काय करूं?" त्या मुलीनें मला विचारलें.

चौदा वर्षांखालील मुलाला घरकामाला ठेवण्याची मनाई २००६ पासून आहे, आणि २०१६ पासून तर कोणत्याहि नोकरीला. हें मीं त्याच दिवशीं तासाला सांगितलें होतें. १०९८ हा मुलांसाठींचा दूरध्वनि क्रमांक, जो १९९६ त मुंबईंत सुरू झाला व २०२३ पासून सरकारनें आपल्याकडे घेतला, तोहि सांगितला होता. तरी त्या व्हरांड्यांत माझ्या तोंडून जें वाक्य निघालें तें असें: "आधीं आईशीं बोलून पाहा, बाळ."

हें वाक्य ऐकावयास किती समंजस वाटतें! मुलीनें आईबापांवर फिर्याद करावी काय, हा प्रश्न खोटा नाहीं. घरांतील विश्वास मोडून मिळविलेल्या न्यायाची किंमत लहान मुलाला आयुष्यभर मोजावी लागते, हेंहि खोटें नाहीं. या सबबी माझ्याजवळ होत्या, पण मला थांबविलें तें यांनीं नव्हे. त्या मुलीची आई शाळेच्या पालक-शिक्षक संघांत होती. पुढील वर्षाचे माझे तास त्या संघाच्या संमतीवर होते. एका घरांत हात घातला तर आठ तुकड्यांतील साडेतीनशें मुलांचा धडा बुडेल, असा हिशेब मीं उभ्या उभ्या केला, आणि त्या हिशेबांत भांडीं घासणारी मुलगी एका बाजूला बसली. असा हिशेब यापूर्वीं कोणीं कोणीं केला असेल, तें मला त्या रात्रीं सुचलें. त्या दुपारीं सुचलें नाहीं. आणि जें काम माझें होतें तें मीं चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर ठेवून घरीं आलें.

तीन आठवडे मी वाट पाहिली. मुलगी वर्गांत समोर बसे, पण माझ्याकडे पाहत नसे. शेवटीं एका रविवारीं सकाळीं मी त्यांच्या घरीं गेलें. बाईंनीं मोठ्या अगत्यानें स्वागत केलें. माझ्या तासांची मुलीनें घरीं फार स्तुति केली आहे, असें म्हणाल्या. चहा घेऊन मुलगीच बाहेर आली. मीं इकडचें तिकडचें बोलून विषय काढिला, तेव्हां त्या मुळींच दचकल्या नाहींत. "हो, ती होती ना आमच्याकडे," त्या म्हणाल्या, "कशाची कमी नव्हती हो तिला. हिचेच कपडे वापरायची. हिच्या डोक्यांत कांहींतरी आलं, रोज रडायची, म्हणून म्हटलं नकोच ती कटकट. काकाला बोलावून पाठवून दिली परत." कोठें पाठविली, असें मीं विचारलें. "गांवाला." कोणत्या गांवाला? त्यांनीं आंतल्या खोलीकडे तोंड करून यजमानांना हांक मारून विचारलें. आंतून उत्तर आलें, भोरच्या पलीकडे कोठेंतरी.

मुलगी कपबशा उचलून आंत गेली ती पुन्हां बाहेर आली नाहीं.

संध्याकाळीं मीं १०९८ हा क्रमांक फिरविला. पलीकडून बोलणारी मुलगी तरुण असावी. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. काकाचा मोबाइल क्रमांक आहे का, असें तिनें विचारलें. नव्हता. मग मुलीचें नांव विचारलें. घरांत तिला छकुली म्हणत, तेवढें मला ठाऊक होतें, तें मीं सांगितलें.

"पूर्ण नांव?" तिनें विचारलें. "आडनांव काय?"